भूगोलाचे तास

उजव्या हाताचा तळवा समोर आडवा धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "एकेकाने. एकेकाने बोला." सर हे कुणालाही म्हणायचे. टीव्हीवरच्या चर्चेतल्या माणसांना म्हणायचे, सुपरमार्केटमधल्या बोलक्या मशीनला म्हणायचे, आणि समोर मी एकटी बसलेली असले तरी म्हणायचे. "सर, मी एकटीच आहे," म्हटलं तर उत्तर यायचं, "तू एका वेळी दोघींचं बोलतेस."

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील, निवृत्त होऊन वर्षं झाली तरी ज्यांच्या बोटांवरचा खडू जात नाही. फरक इतकाच की आमच्या सरांचा वर्ग मिरजेत किंवा साताऱ्यात नव्हता. तो केनियात, नाकुरू नावाच्या गावात होता. ऐन पंचविशीत ते तिकडे गेले आणि पस्तीस वर्षं त्यांनी तिथल्या मुलांना गणित शिकवलं. मुलगी इंग्लंडमध्ये शिकत होती म्हणून निवृत्तीनंतर नवरा-बायको लेस्टरला आले. मुलगी लग्न करून कॅनडाला गेली, सरांच्या पत्नी वारल्या, आणि बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत सर एकटे उरले.

आमचं घर त्यांच्या घराला लागून होतं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होते आणि नवरा सोमवार ते शुक्रवार कामासाठी रीडिंग शहरात असायचा. राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी दार वाजलं. स्वेटरवर कोट घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ उभे होते. "तुमच्या कुकरच्या चार शिट्ट्या होतात," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "भिंत पातळ आहे, ऐकू येतं. तुरीच्या डाळीला तीन पुरतात." आमची ओळख झाली ती अशी.

सरांच्या घरी दर शनिवारी दुपारी दोन पाहुणे यायचे. वांजिरू आमच्याच हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि ओकोथ शहरात बस चालवायचा. दोघंही नाकुरूला सरांच्या एकाच वर्गात शिकलेले, आता चाळिशीला टेकलेले. दोघंही सरांना 'म्वालिमू' म्हणत, म्हणजे मास्तर. ओकोथ मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायचा, वांजिरू पालेभाजी करायची आणि सर आमटी. त्या गोळ्याला सर 'उकडीची पहिलवान बहीण' म्हणत. हात आमटीत बुडवून तिघं इंग्रजी आणि स्वाहिलीत बोलत राहायचे, आणि स्वाहिली आली की सर मला मराठीत अर्थ सांगायचे. वांजिरू किकुयू जमातीची होती आणि ओकोथ लुओ जमातीचा, हे मला वर्षभर माहीतही नव्हतं. माहीत असायचं काही कारण पडलं नव्हतं.

कारण पडलं ते 2007 च्या डिसेंबरात. केनियात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली; एक उमेदवार किकुयू, दुसरा लुओ. दोघांनाही इथून मत देता येत नव्हतं, त्यामुळे शनिवारी नुसती चेष्टा चालायची. हरेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची, असं ठरलं होतं. मग निकाल लागला, अर्ध्या देशाने तो खोटा म्हटला, आणि दोन-तीन दिवसांत टीव्हीवर जळणारी घरं दिसू लागली.

वांजिरूची आई दूर एका खेड्यात शेतावर राहायची. तिचं घर जाळलं गेलं. म्हातारी शेजारणीबरोबर रात्रभर चालत कुठल्याशा मैदानात पोहोचली आणि ताडपत्रीखाली राहू लागली. हे वांजिरूला कळलं त्याच शनिवारी दोघं सरांकडे आले. मीही होते.

"मतं चोरली नसती तर हे झालं नसतं," ओकोथ म्हणाला. तो आवाज चढवून बोलला नव्हता. पण वांजिरूने कोट काढलाही नव्हता, ती तशीच उभी राहिली.

"माझी आई चिखलात झोपते, आणि तू अजून मतं मोजतोयस?"

"मी तुझ्या आईबद्दल बोलत नाही."

"मग बोल. एकदा तरी बोल."

दोघं एकदम बोलू लागले. सरांनी तळवा धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "एकेकाने." कुणीही थांबलं नाही. सरांनी डोळे उघडले आणि परत म्हणाले. तेव्हा ओकोथ त्यांच्याकडे वळला.

"म्वालिमू, तुमचं दर वेळी हेच. निवडणूक आली की तुम्हा भारतीयांची दुकानं बंद, फाटकं बंद. आम्ही मरायचो आणि तुम्ही पडद्याआडून बघायचात. आज मध्ये पडू नका."

तो गेला. पाच मिनिटांनी वांजिरूही गेली. गोळा पातेल्यात तसाच राहिला. सर तो हात, तो तळवा, मांडीवर ठेवून बसले होते. मी म्हटलं, "सर, तो रागात बोलला." सर म्हणाले, "रागात बोलला, पण खोटं बोलला नाही."

त्या दिवसापासून सरांचं स्वास्थ्य गेलं. पातळ भिंतीतून मला त्यांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. खिडकीपासून जिन्यापर्यंत अकरा पावलं, मग परत अकरा. टीव्ही लावायचे, बंद करायचे, परत लावायचे. दुकानात भेटले तर बोलता बोलता निघून जायचे आणि घेतलेलं दूध काउंटरवरच राहायचं. मग त्यांनी एक जुनी वही काढली. तिच्यात विद्यार्थ्यांचे पत्ते आणि फोन नंबर होते, तीस-पस्तीस वर्षांचे. त्यातले कितीतरी नंबर कधीच मेलेले. मी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातून परदेशी फोनची कार्डं आणून द्यायची. तिकडचं घड्याळ तीन तास पुढे, म्हणून सर सकाळी सहाला फोनवर बसायचे. कामाला निघताना मला भिंतीपलीकडून आवाज यायचा, "हो, म्वालिमू बोलतोय. तू बरा आहेस ना? घरचे सगळे आत आहेत ना? तुझ्याकडे आणखी कुणाचा नंबर आहे?" कोण कुठल्या जमातीचा, ते विचारत नसत. फक्त हजेरी घेत.

जानेवारीच्या शेवटी वारं उलटं फिरलं. आता दुसऱ्या बाजूची, लुओंची घरं जळू लागली. नाइवाशा गावात ओकोथचा धाकटा भाऊ फुलांच्या मळ्यावर कामाला होता आणि त्याचा फोन लागेना. ओकोथने हे आम्हाला सांगितलं नव्हतं, तो येतच नव्हता. सरांना ते वहीतल्याच कुणाकडून तरी कळलं.

सरांनी काय करावं? ते बस स्टॉपवर जाऊन उभे राहिले. तीन बस सोडल्या, चौथी ओकोथची आली. सरांनी म्हाताऱ्यांचा पास दाखवला आणि पुढच्या सीटवर बसले. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी होती, म्हणून बोलले नाहीत. बस शेवटच्या स्टॉपवर गेली, तिथून परत आली, पुन्हा गेली. सर बसूनच होते. तिसऱ्या फेरीला सगळे उतरल्यावर ओकोथने इंजिन बंद केलं.

"उतरा, म्वालिमू. तुम्हाला थंडी वाजतेय."

"तुझ्या भावाचं पूर्ण नाव सांग. आणि मळ्याचं."

ओकोथने स्टिअरिंगवर डोकं टेकलं, असं सर मला म्हणाले. आणखी काही त्यांनी सांगितलं नाही.

नाइवाशात सरांच्या वहीतला एकच माणूस असा होता, जो त्या दिवसांत रस्त्यावर फिरू शकत होता. तो भाजीचा ट्रक चालवायचा. तो वांजिरूचा भाऊ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये आले. मी आणि वांजिरू एकाच टेबलावर होतो. ती सँडविच उघडून ठेवून खात नव्हती. सरांनी खुर्ची ओढली आणि सरळ सांगितलं: तुझ्या भावाने ओकोथच्या भावाला शोधावं.

वांजिरूने सँडविच बाजूला सारलं. मग म्हणाली, "माझ्या आईचं घर कुणी जाळलं, म्वालिमू?"

"ओकोथने नाही."

"आणि माझा भाऊ त्यांच्यातल्या एकाला शोधत फिरला, तर आमचीच पोरं त्याला सोडतील? त्याला तीन मुलं आहेत. तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय मागताय?"

"कळतंय."

मला वाटलं सर आता तिला समजावतील, एकीचं काहीतरी बोलतील. ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमच्या शाळेत भूगोलाचे एक मास्तर होते. तू शाळा सोडून गेल्यानंतर आले. स्टाफरूममध्ये आम्ही शेजारी बसायचो. अशीच एक निवडणूक होती, असंच सगळं पेटलं होतं. एक दिवस दुपारी ते बायकोला घेऊन माझ्या फाटकाशी आले. फाटक वाजवलं, मला नावाने हाक मारली. मी आत होतो. बायको म्हणाली, उघडू नका, आपण परके आहोत, आपण यात पडायचं नाही. मीही तेच म्हटलं असतं. ते दहा मिनिटं उभे होते. मग गेले."

"पुढे?"

"पुढे माहीत नाही. सोमवारी हेडमास्तरांनी त्यांचे तास माझ्या टाइमटेबलात घातले. मी ते घेतले. वर्षभर भूगोल शिकवला. कुणाला विचारलं नाही ते कुठे गेले म्हणून."

"ते कोण होते? आमचे की त्यांचे?"

"ते नको विचारूस."

वांजिरू उठली. तिचा ब्रेक संपला होता. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. सँडविच तिथेच टाकून गेली, आणि सर ते कागदात नीट गुंडाळत बसले, जसं काही त्यांना ते करायलाच बोलावलं होतं.

पुढचे दोन दिवस भिंतीपलीकडे अकरा पावलं थांबलीच नाहीत. "मी तिच्या भावाला मरायला पाठवलं असेल तर?" त्यांनी मला विचारलं. तिसऱ्या दिवशी वांजिरू लॅबच्या दाराशी आली. युनिफॉर्मच्या खिशात हात घालून उभी राहिली आणि घाईघाईने म्हणाली, "म्वालिमूंना सांग, पोलीस ठाण्याच्या आवारात आहे तो. शेकडो लोक आहेत तिथे. पाय मोडलाय, पण जिवंत आहे. माझ्या भावाने कुंपणातून त्याला फोन दिला."

"ओकोथला तूच सांग ना."

"मला अजून जमत नाही," ती म्हणाली. "तू सांग."

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या दोन्ही नेत्यांनी समझोता केला. शनिवारी सरांच्या टीव्हीवर ते हात मिळवताना दाखवत होते, पुन्हा पुन्हा. ओकोथ आला होता, आणि उशिरा का होईना, वांजिरूही आली. कुणी मिठ्या मारल्या नाहीत. ओकोथ उभा राहिला, टोपी हातात घेऊन तिला स्वाहिलीत काहीतरी म्हणाला. सरांनी त्या दिवशी मला अर्थ सांगितला नाही. तिने मान हलवली. मग टीव्हीकडे बघून म्हणाली, "यांना सोपं आहे. यांची घरं उभी आहेत." ओकोथ म्हणाला, "खरं आहे." बऱ्याच आठवड्यांत त्या दोघांचं ज्यावर एकमत झालं, असं ते पहिलं वाक्य होतं. मग तो पीठ शोधायला स्वयंपाकघरात गेला.

मला वाटलं, आता सर शांत होतील. झाले नाहीत. वही परत उघडली, फोन परत सुरू झाले, पण आता ते एकाच माणसाला शोधत होते. जुलैमध्ये पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, मुलीचं न ऐकता, त्यांनी नाकुरूचं तिकीट काढलं. एक महिन्यात येतो म्हणाले. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. लाइनमध्ये खरखर होती.

"सापडले. नाकुरूपासून तासाभरावर, मुलीकडे असतात. भेटलो."

"ओळखलं त्यांनी?"

"लगेच. मी त्या दुपारचं सगळं सांगितलं. म्हटलं, मी घरी होतो. तर म्हणाले, मला माहीत होतं. पडदा हलला होता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "माफ केलं का त्यांनी?"

"तसलं काही बोलणं झालं नाही. चहा दिला. निघताना म्हणाले, उद्या ये. उद्या जातोय." आणि मग मास्तरकीच्या सवयीने, "तुझा कुकर कसा आहे?"

सर रोज जात राहिले. कधी दोन तास बसायचे, कधी मुलगी सांगायची की बाबांना आज भेटायचं नाही, मग बसने परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. परतीचं तिकीट त्यांनी दोनदा पुढे ढकललं. नोव्हेंबरात, तसेच जायला निघालेले असताना, नाकुरूच्या बस स्टँडवर ते कोसळले.

वांजिरू तेव्हा आईचं नवं घर बांधायला रजेवर गेली होती, म्हणून तिथलं मला तिच्याकडून कळलं. तिरडीला पुढून खांदा तिच्या भावाने दिला आणि दुसऱ्या बाजूने ओकोथच्या भावाने. त्याचा पाय वाकडा जुळला होता, त्यामुळे दर पावलाला तिरडी एका अंगाला कलायची आणि वांजिरूचा भाऊ खाली झुकून ती सावरून घ्यायचा. त्यांच्या पुढे, काठी टेकत, एक म्हातारे गृहस्थ चालत होते. ते कुणाशी बोलले नाहीत. फार हळू चालत होते, आणि त्यांना मागे टाकून पुढे जावं असं कुणालाच वाटलं नाही.