महालक्ष्म्यांपासूनचा अबोला

महालक्ष्म्यांच्या जेवणाला द्वारकाबाईंच्या घरी तीस पानं होती. नैवेद्य अजून दाखवायचा होता, आणि त्यांच्या नवऱ्यानं, शामरावांनी, पुढं होऊन नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी उचलून खाल्ली. द्वारकाबाईंनी हात धरला, तर सगळ्या सवाष्णींसमोर म्हणाले, "तुया माहेरी खायलेच नसे, तुले काय कळते?"

तामसी गावच्या मराठी शाळेत हेडमास्तर राहिलेला हा माणूस. छत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला कधी 'अगं' सोडून 'तुले-मले' केलं नव्हतं. द्वारकाबाईंनी देवीपुढं नाक घासलं, चूक पोटात घाल म्हणाल्या आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी अबोला धरला.

अबोला म्हणजे कामात कसूर नाही. ताट वेळेवर, धुतलेलं धोतर खुंटीला, पण तोंडातून शब्द नाही. शामराव स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहत. "ते... ते दे," म्हणत. काय 'ते', ते सांगत नसत. मुद्दाम आपल्याला छळून राह्यले, असं समजून बाई पाठ फिरवून भाकरी थापत. हळूहळू त्यांचं दाराशी येणंही थांबलं.

त्याआधी उन्हाळ्यात मुलानं, गंधारनं, वडलांना यवतमाळला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. तेव्हा बाई पाण्याची बाटली घेऊन नवऱ्यासोबत बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरांशी बोलायला गंधार एकटाच आत गेला. बाहेर येऊन म्हणाला, वयाचं आहे, गोळ्या चालू ठेवायच्या. गंधार हैदराबादला बँकेत. होळीच्या सुमारास पुन्हा दाखवायचं होतं तर त्याला सुटी मिळेना. बाईच शामरावांना घेऊन एसटीनं गेल्या आणि पहिल्यांदा आत बसल्या.

डॉक्टर मराठीच. त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. म्हणाले, ह्या कपाळामागं मेंदूचा जो भाग असतो, तो घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. मनात येईल ते तोंडावर येऊ देत नाही, हाताला आवरून धरतो. सरांचा तोच भाग आकसत चाललाय. ते वाईट झाले नाहीत, आवरणारं कोणी राहिलं नाही. मग बोट डाव्या कानाच्या वर नेलं. इथं शब्द असतात, आता तेही चालले.

बाईंनी विचारलं, बोलणं पुन्हा येईल का?

"नाही येणार. म्हणूनच मागच्या उन्हाळ्यात तुमच्या मुलाला सांगितलं होतं, आईला म्हणावं, वर्षभरात जेवढं बोलून घेता येईल तेवढं बोलून घ्या."

शेजारी शामराव डॉक्टरांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले होते.

घरी येऊन बाईंनी गंधारला फोन लावला, मला का नाही सांगितलं म्हणून विचारलं. गंधार समजावू लागला. तू घाबरली असतीस, नवस-उपासांच्या मागं लागली असतीस, मेंदूबिंदू तुला काय कळणार होतं. महालक्ष्म्यांच्या दिवशी तो घरातच होता. आईनं नाक घासलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, अबोलाही त्याला ठाऊक होता. तेव्हाही बोलला नाही.

"घाबरली असती रे," बाई म्हणाल्या. "पण बोलली असती ना."

तो 'आई, आई' करत राहिला. त्यांनी फोन ठेवला.

सांजेला दिवा लावून त्या हात जोडून उभ्या राहिल्या. रोज पहिलं मागणं मुलाचं असे. आज ते ओठावर आलंच नाही. देवाला काय ते कळलं असेल, असं म्हणून त्यांनी निरांजन खाली ठेवलं.

शामराव पलंगावर बसले होते. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बाई बसल्या आणि सहा महिन्यांचं सगळं सांगू लागल्या. कोणाचं लग्न जमलं, कोण गेलं, अंगणातलं लिंबाचं झाड कसं वाळलं. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "दाराशी येऊन काय मागत होते तुमी?"

शामरावांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, ओठ हलवले. बाई वाट पाहत राहिल्या.