खारीच्या घरचे पाहुणे

रोज सकाळी भंडाऱ्याहून एसटीने अड्याळ गाठायचं आणि तिथून मिळेल त्या ऑटोने पुढच्या गावातली माझी शाळा. इतकी वर्षं हेच केल्यावर नवीन उपक्रम म्हटलं की माझं डोकंच उठतं. यंदाचा उपक्रम होता, लहान मुलांना गोष्टींतून पैशाची आणि बचतीची ओळख करून देणे. शिवाय त्याचे फोटो पाठवणे. आता फोटो पाठवायचा म्हणजे गोष्ट सांगणं आलंच.

मी एका खारीची गोष्ट रचली. तिच्या मैत्रिणी मिळतील ते दाणे लगेच फस्त करतात, ही ढोलीत साठवून ठेवते आणि शेवटी चैन हिचीच होते. सांगता सांगता मलाच जांभई आली. तिसरीतली एक मुलगी मात्र डोळे मोठे करून ऐकत होती.

आमच्याकडे हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी झाली की पोरं सरवा वेचतात, म्हणजे शेताच्या बांधीत गळून पडलेल्या भाताच्या लोंब्या. तो धान दुकानात दिला की फुटाणे मिळतात. बाकीची पोरं रोज फुटाणे खात होती. हिने सगळा धान घरी डब्यात ठेवला. दिवाळीनंतर गावात मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि तिथे आकाशपाळणा येतो. त्यात ती कधी बसली नव्हती, यंदा डब्यातला धान विकून बसणार होती. शाळेत आल्या आल्या डबा कुठवर भरला ते मला सांगायची. मी नुसती हूं हूं करायची, पण त्या दिवसांत सकाळची एसटी पकडायला मला तेवढाच काय तो हुरूप होता.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं, पाळण्यातून काय काय दिसलं? काहीच दिसलं नव्हतं. मंडईला घरोघरी पाहुणे येतात, तसं तिच्याकडे मामाचं अख्खं घर आलं होतं. आईने धान भरडायला गिरणीवर पाठवला, त्यात हिचा डबाही गेला. मामाच्या ताटात भात हिनेच वाढला. आईवर ती मुळीच चिडलेली नव्हती. चिडले मी, आणि कोणावर चिडावं तेही कळेना. पाळण्याचे पैसे मी देते म्हटलं, तर तिने नको म्हणून मान हलवली.

मग म्हणाली, “मॅडम, ते खार एकटीच राहे का?”

“एकटीच,” मी म्हटलं.

“मंग जमते तिले.”

आता उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची कापणी सुरू आहे आणि तीही रोज फुटाणे खाते. परवा मी ऑटोची वाट बघत उभी होते, तेव्हा पळत येऊन तिने मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते रुमालात बांधायला लागले, तर तिने माझा हात धरला.

“आत्ताच खाऊन घ्या, मॅडम. घरी नेले तं राह्यत नाही.”

मी तिथेच उभ्याने खाल्ले.