चौथा खांदा

दाम्याला खांदा द्यायला आमच्या गावातून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. बोर्ली पंचतनजवळचं आमचं गाव, तिथून दाम्या राहायचा ते श्रीवर्धन काही लांब नाही. पण दाम्या जिवंत असताना यांतल्या एकालाही त्याच्या घराची वाट सापडली नव्हती. सकाळीच शैलावहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले... झोपेतच." मी पोचलो तेव्हा तिरडीभोवती रेटारेटी चालली होती. मला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली, कारण त्या रेटारेटीत मीही होतोच.

दामोदर चित्रकलेचा मास्तर. लहानपणी माझ्याच बाकावर बसायचा. आम्ही दुसरीत असताना त्याच्या आत्याने जातीबाहेर लग्न केलं, आणि बाळंतपणाला आली तेव्हा त्याच्या वडिलांनी तिला घरात घेतलं. झालं! गावकीने देवळात बसून घर वाळीत टाकलं. विहीर बंद, दुकान बंद, बोलणं बंद. मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. एवढी अक्कल आम्हा पोरांनाही होती. पुढच्याच वर्षी त्याचे वडील साध्या तापाने गेले. गावातलं एक माणूस आलं नाही. दोन काका आणि आत्याचा नवरा, असे तीन खांदे. चौथा त्याच्या आईने दिला. पुढे मडकं धरून दाम्या.

पुढे मास्तरकीत आम्ही पुन्हा भेटलो, मैत्रीही जुळली. तो विषय ना त्याने काढला, ना मी. निवृत्त झाल्यावर मात्र त्याने यावरच चित्रकादंबरी करायला घेतली. मजकूर मी लिहायचा, मराठीचा मास्तर ना मी! तिरडीचं पान त्याने पुढ्यात ठेवलं. आई ठेंगणी, म्हणून तिरडी तिच्या बाजूला कललेली. आणि तिच्याबरोबर दाम्याने चित्राची चौकटच कलती काढली होती. गावातली घरं तेवढी ओळंब्यात सरळ. ओट्याओट्यावर बिनचेहऱ्याची माणसं, त्यांच्या तोंडाशी बोलण्याचे फुगे, सगळे रिकामे. यांत काय लिहू, असं विचारलं तर म्हणाला, "जे बोलले होते, तेवढंच लिही."

मी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात त्याच पानावर बाबा दिसले. आमचाच ओटा, आणि वाकड्या मुठीची ती छत्री, गावात कोणीही ओळखली असती! माझं डोकं फिरलं. अख्ख्या गावात तुला माझाच बाप सापडला का, बाकीच्यांना चेहरे नाहीत आणि त्यांना छत्रीसकट उभं केलंस, असं बरंच बोललो. पूस म्हटलं. तो ऐकून घेत होता.

"नीट बघितलंस?" शेवटी म्हणाला. "बंड्या, तू मानसं वळखतोस. चित्र बघत न्हायस."

"पूस म्हटलं ना."

त्याने पांढरा पोस्टर कलर घेतला आणि माझ्यासमोर ती जागा बुजवून टाकली.

पुस्तक तसंच छापलं. ओट्यावर माणसाएवढी पांढरी जागा. गावातली पोरं तिथे बोट ठेवून विचारायची, इथं कोण होता? म्हातारे सांगायचे, बंड्याचा बाप. झाकायला गेलो आणि गावभर केलं. दाम्याने मुद्दाम केलं असं मी धरून चाललो आणि वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. गावकीची गरज काय, एकटा मी पुरेसा होतो! त्याच वर्षात तो गेला...

तेराव्यानंतर वहिनींनी मूळ पान माझ्या हातात दिलं. तुमच्यासाठीच ठेवलेलं, म्हणाल्या. "हे सांगायचे, त्या दिवशी अख्ख्या गावात एकच माणूस ओट्यावरून उतरायला निघाला होता."

घरी येऊन मी पान खिडकीच्या काचेला लावलं. मागून ऊन आलं तशी पांढऱ्याखालची शाई दिसू लागली. छत्री काखेत. बाबांचा एक पाय ओट्यावर, दुसरा खालच्या पायरीवर. आणि मागून त्यांचा सदरा घट्ट धरून ठेवलेली एक लहान मूठ. ती कोणाची, हे मला कोणी सांगायला नको.

मुठीच्या वर एक फुगा आहे, रिकामा. पान अजून काचेवरच आहे. रोज पेन घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो. वाक्य मला पाठ आहे. "बाबा, नका जाऊ, आपल्यालाही वाळीत टाकतील."

अजून लिहिलेलं नाही.