डोळ्यांवरची काळी पट्टी

मुलाच्या लग्नाची बोलणी करायला अंधेरीला गेलो, तेव्हा मुलीच्या आत्याने मला वाकून विचारलं, "आजी, पाणी देऊ?" ह्यांना मात्र ती दादा म्हणाली. आमच्यात अंतर दोन वर्षांचं, तेही हेच मोठे. कांदिवलीला घरी पोचेपर्यंत मी रिक्षाच्या आरशात स्वतःचं तोंड बघत होते.

घरी आल्या आल्या धाकट्या बहिणीला फोन केला. ती एका स्किन क्लिनिकमध्ये काउंटरवर बसते. आलेल्या बायकांना चेहऱ्याचं काय काय करून घेता येईल ते समजावते. आजीचा किस्सा सांगितला आणि ओघात तेही सांगून टाकलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. हे आता माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. जेवताना बोलतात तेही टीव्हीकडे बघून.

"ताई, टेन्शन नको घेऊ यार," ती म्हणाली. "ये तू. मी आहे ना!"

गेले. कपाळात आणि डोळ्यांच्या कडांना आठ्या गोठवणारी बोटॉक्सची इंजेक्शनं, गाल भरून दिसायला थोडं फिलर. त्याआधी तिनेच माझा फोटो काढला. केस मागे ओढलेले, टिकली काढलेली, डोक्यावर पांढराफटक उजेड. "फक्त फाइलसाठी गं," म्हणाली. हिला मी कडेवर घेऊन वाढवलंय, हिच्याकडून काय लिहून घ्यायचं?

पंधरा दिवसांत कपाळ गुळगुळीत झालं, तिने फाइलसाठी दुसरा फोटो काढला आणि केळवणं सुरू झाली. नातेवाईक आळीपाळीने लग्नघरच्यांना जेवायला बोलावतात, पण बायकांचं लक्ष ताटापेक्षा तोंडाकडे. "झकास दिसतेस गं!" ऐकून मी मनातून फुलायचे, खोटं कशाला सांगू? कुणी विचारलंच तर म्हणायचे, लग्नाचा आनंद आहे.

बोरिवलीच्या केळवणात वडे-सागोती वाढून झाल्यावर मोठ्या जाऊबाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "गे, ह्यां तुझांच तोंड ना?"

क्लिनिकची जाहिरात होती. डावीकडे आधीची मी, उजवीकडे नंतरची मी. दोन्हीकडे डोळ्यांवर काळी पट्टी. आणि पट्टीखाली, हनुवटीवर, गोंदणाचे तीन ठिपके उघडे. गावच्या जत्रेत आईने आम्हा दोघी बहिणींना एकाच दिवशी गोंदवून आणलं होतं. आमच्या माणसांना मला ओळखायला डोळे कशाला हवेत? हे तिला कळू नये? तेच ठिपके ती रोज स्वतःच्या आरशात बघते.

फोटोखाली लिहिलं होतं, 'नवरा बघतसुद्धा नव्हता. आता नजर हटत नाही!'

जाऊबाईंनी ते मोठ्याने वाचलं. समोर बसलेल्या ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि हात धुवायला उठले. तेव्हापासून हे माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी बहिणीला घरी बोलावलं.

"नाव कुठे टाकलंय ताई? डोळे झाकलेत की," ती म्हणाली. "डॉक्टरांना काहीतरी टचिंग पाहिजे होतं. आणि सगळ्याच बायका असंच सांगतात गं."

"मी सगळ्या बायकांपैकी आहे का तुला?" माझा आवाज फुटला. "माझ्या घरातलं तू चव्हाट्यावर मांडलंस. तुझ्यावर भरवसा ठेवला, ही माझीच चूक."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मी सगळा जीव एकवटून कपाळ आवळलं. ते जागचं हललं नाही.

"बघ, एक आठीसुद्धा नाही," ती हसून म्हणाली. "तू कसली रागावतेस माझ्यावर!"

आणि निर्धास्तपणे चहा टाकायला माझ्या स्वयंपाकघरात गेली.