मार्थाआक्काची ठकी

आक्का गेल्याचं मला सोनईहून कांद्याची गाडी घेऊन भिंगारच्या बाजारात आलेल्या एका शेतकऱ्याकडून कळलं. मी शिकवते ती शाळा नुकतीच सुटली होती. तो फाटकाशी पटका हातात घेऊन उभा होता, आणि मला पाहताच त्याने मान खाली घातली तेव्हाच मी समजले. "मार्थाबाई गेल्या," तो म्हणाला. "उन्हाचं चालत गेल्त्या बाळंतपनाला. आल्या त्या तापानंच पडल्या, उठल्याच न्हाईत." माझी थोरली बहीण, सोनईच्या मिशन दवाखान्यातली नर्स, आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी पोरांना या जगात पहिल्यांदा हातात घेणारी... तिला माती देऊनही झाली होती.

आता महिना उलटून गेला. आमच्या ख्रिस्ती देवळातल्या प्रार्थनेत तिच्या सेवेबद्दल सगळे भरभरून बोलले आणि ते खरंच होतं. मला मात्र राहून राहून आठवतो तो जर्मन लढाई संपल्यानंतरचा हिवाळा, जेव्हा आक्काने उभ्या आयुष्यात एकदाच स्वतःसाठी काहीतरी मागितलं.

मिशनने तिला फिरतीसाठी एक घोडी दिली होती. भीमथडी जातीची, ठेंगणी, मातकट रंगाची. आक्काने तिचं नाव ठकी ठेवलं. सोनईतच एक म्हातारे दफेदार होते. घोडदळाच्या रिसाल्यातून निवृत्त होऊन शेती बघत. पण घोडं दिसलं की अजूनही ताठ उभे राहत. भिंगारच्या छावणीत घोड्यांचं प्रदर्शन भरणार ही बातमी त्यांनीच आणली. "बाई, औंदा देशी तट्टांचा येगळा वर्ग हाय. मालकानं सोता बसून चालवायचं. तुमच्या ठकीवानी तट्टू सबंद तालुक्यात न्हाई." मला वाटलं आक्का हसून सोडून देईल. मी नाताळच्या सुटीला गेले तर ती पदर खोचून ठकीला खरारा करत होती. मी थट्टा केली तेव्हा ती हात न थांबवता म्हणाली, "सुमे, मी दारात आले की घरात कुणीतरी विव्हळत असतं. एकदा तरी लोकांनी मला मजेत बघावं, असं वाटतं गं."

तयारीत अडचण एकच होती. ठकीला दारात बाया जमलेल्या दिसल्या की ती आपणहून थांबे. इतक्या वर्षांची सवय! बाया घोळक्याने उभ्या म्हणजे बाळंतीण आतमध्ये, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. दफेदार कपाळाला हात लावून म्हणाले, "ह्ये घोडं न्हाई बाई, सुईन हाय! मैदानाच्या कडंला साहेबांच्या मडमा बसलेल्या असत्यात. त्यास्नी बघून ही उभी ऱ्हायली म्हंजी?" मग गावातल्या बायकांनाच ओढ्याकाठच्या माळावर बोलावलं. त्या रांगेने उभ्या राहायच्या आणि आक्काने ठकीला त्यांच्यासमोरून दुडक्या चालीने न्यायचं. पहिले काही दिवस ठकी हटकून थांबे आणि सगळ्या जणी पोट धरधरून हसत. एक म्हातारी म्हणाली, "आगं जा म्होरं, आमची वयं ऱ्हायलीत का आता!" आक्का खोगिरावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तिला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. हळूहळू ठकी न थांबता जाऊ लागली. कान टवकारून बायांकडे बघायची, पण जायची.

थंडी कडाक्याची होती. ठकीची एक नाकपुडी वाहत होती. दफेदारांनी ओव्याची धुरी दिली. तिचं खाणंपिणं, चालणं सगळं नीट होतं. आम्हाला काहीच वाटलं नाही...

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आक्का आणि दफेदार ठकीला घेऊन भिंगारला आली. आक्काने निळं नऊवारी लुगडं नेसलं होतं. मैदानात शिरण्याआधी छावणीतले घोड्यांचे डॉक्टर प्रत्येक जनावर तपासत होते. मराठीच होते, तरुण. ठकीजवळ आले, तिच्या नाकपुडीत बघितलं, जबड्याखाली बोटांनी चाचपलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "बाई, नाक एकाच बाजूने वाहतं का?" आक्का हो म्हणाली. त्यांनी ठकीच्या एका डोळ्यात रोग ओळखायच्या औषधाचे थेंब टाकले आणि तिला पार टोकाच्या लिंबाखाली एकटीला बांधायला लावलं. सकाळी तो डोळा सुजून पुवाने भरला होता. ग्लँडर्स. घोड्याला बरा न होणारा आणि माणसालाही लागणारा रोग. कायद्याने जनावराला गोळी घालायची आणि त्याच्या अंगाला लागलेलं सगळं जाळायचं.

आक्काने वाद घातला नाही. नर्सच होती ती. तिने एवढंच विचारलं, "मी तिला धरून उभी राहू का?"

"नाही बाई. तुम्ही आता तिच्याजवळ जायचंही नाही."

"आणि इथं आणलंच नसतं तर?"

डॉक्टर म्हणाले, "तर आणखी काही महिने चालली असती. तोवर इतर जनावरांना रोग दिला असता. तुम्हालाही."

मैदानात बँड वाजत होता. देशी तट्टांचा वर्ग सुरू झाला. कुणीतरी भोंग्यातून सोनईच्या मार्थाबाईंना हाक मारली, मग पुन्हा मारली आणि पुढच्या नावाकडे वळलं. आक्का माझ्याशेजारी त्या निळ्या लुगड्यात उभी होती. दफेदार जमिनीवर बसले होते. गोळीचा आवाज बँडमध्ये फारसा ऐकूसुद्धा आला नाही. खोगीर, लगाम, झूल, खरारा, सगळं त्याच दुपारी जाळलं.

आक्काला तपासलं, तिला काही झालं नव्हतं. पण घोडीच्या रोगाची बातमी तिच्याआधी गावोगाव पोचली. बाया तिला उंबऱ्याच्या आत घेईनात. मी चिडले, तर मलाच म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? मीही त्यांना हेच सांगितलं असतं." पुढे लोक बोलवू लागले, पण अगदी जिवावर बेतलं म्हणजे. ती पायी निघायची, पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा. कितीदा आई गेली, कितीदा मूल... मिशनने दुसरी घोडी देऊ केली होती. तिने घेतली नाही. तीन-साडेतीन वर्षं ती अशीच चालत राहिली, आणि शेवटही तसाच झाला.

गेल्या आठवड्यात मी तिची खोली रिकामी करायला सोनईला गेले. आत सामान असं नव्हतंच. मागचं दार उघडलं तर परसात, वळवाच्या पावसावर तगलेला, हिरवागार घासाचा वाफा. आमच्याकडे जनावरांना घालतात तो घास, गुडघ्याएवढा वाढलेला, कडेने नीट वरंबा घातलेला. मी शेजारणीला विचारलं, "हा कुणाचा?"

"बाईंचाच की. घोडी व्हती तवापास्नंचा. जुना झाला की नवं बी टाकायच्या. रोज पानी घालायच्या, कापायच्या, अन् कुंपनापाशी पेंढी करून ठिवायच्या."

"कुणासाठी?"

"ते कदी बोलल्या न्हाईत. कुनाची शेरडं यायची, खायची."

एका कडेने घास पिवळा पडायला लागला होता. मी आडावरून एक घागर आणून ओतली. माती लगेच पिऊन टाकत होती. दुसरी आणावी असं मनात आलं, पण मोटार निघायची वेळ झाली होती, आणि उद्या कोण घालणार होतं... मी घागर उपडी घातली, दार लावून घेतलं आणि निघाले.