वरच्या बाईंची रंगीत तालीम

परदेशी निघण्याच्या तयारीत आमच्या वरच्या बाईंचा हात धरणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. कुणी गाण्यासाठी जन्माला येतं, कुणी दुकान चालवण्यासाठी. या बाई पुण्याला जाण्याची तयारी करण्यासाठी जन्माला आल्या होत्या. त्यात जन्म झाला ओहायोत आणि तयारी चालली कुवेतमध्ये. तिथल्या एगैला भागातल्या आमच्या इमारतीत त्या बरोब्बर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत, म्हणून वरच्या बाई. जवळच्याच एका शाळेत ग्रंथपाल होत्या. तरुणपणी त्या कुवेतला आल्या त्या कसलीही चौकशी न करता, भर ऑगस्टच्या दुपारी, बॅगेत जाडजूड लोकरी कोट घेऊन. "वाळवंटात रात्री थंडी असते, असं पुस्तकात होतं," त्या गंभीरपणे सांगत. तो कोट त्यांनी टाकला नाही. दाराआड खिळ्याला टांगून ठेवला होता, आणि पाहुण्याला दाखवून म्हणत, "तयारी न करणाऱ्याचं हे असं होतं."

पुणंच का, असं कुणी विचारलं की त्या माझ्या बायकोकडे बोट दाखवत. बायको इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. बाईंचा पाय मोडला तेव्हा त्या तिच्याच वॉर्डात होत्या. भूल उतरून त्यांना जरा जाग येत होती, आणि त्याच वेळी बाहेर माझी बायको पुण्याच्या बहिणीशी फोनवर कडाडून भांडत होती. विषय बहुधा एका साडीचा असावा. बाईंनी ते सगळं डोळे मिटून ऐकलं आणि फोन संपल्यावर इंग्रजीत विचारलं, "ही कुठली भाषा? भांडण जर इतकं गोड लागत असेल, तर प्रेमाने बोलता तेव्हा काय होत असेल?" तिथून सगळं सुरू झालं. पाय बरा झाल्यावर त्या आमच्या वरचा रिकामा फ्लॅट बघून तिथे राहायलाच आल्या. निवृत्त झाल्यावर पुण्याला जायचं आणि दोन वर्षं मराठी शिकायचं, हे तेव्हाच पक्कं ठरलं.

बाईंची तयारी म्हणजे नुसती पुस्तकं वाचणं नव्हे. त्यांना प्रत्येक गोष्टीची तालीम लागे. पुण्यात बादलीने आंघोळ करावी लागेल असं कुणीतरी सांगितलं, तर त्यांनी घरातला शॉवरच काढून टाकला. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की नळाखाली हात धरवत नाही; त्यामुळे बाई रात्रीच बादली भरून निवत ठेवत आणि सकाळी वरून तांब्याचा आवाज आला की आम्हाला वेळ कळे. मग रिक्षाची तालीम आली. मी कराडचा, पुण्यात शिकायला होतो तेवढाच माझा अधिकार. पण बाई माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसत, पुण्यातला एखादा पत्ता सांगत आणि मी नकार द्यायचा, अशी अट असे. मी म्हणे, "नाही हो जमणार." बाई उसासा टाकत. "दादा, तुम्ही फार प्रेमाने नाही म्हणता. माझी सवय बिघडेल." शेवटी त्यांनी हे काम माझ्या बायकोला दिलं. तिने मान न वळवता, नुसत्या एका हाताने असा काही नकार दिला की बाई खूश होऊन टाळ्या वाजवू लागल्या.

घरमालकिणीची भूमिकाही बायकोचीच. ती आमच्या सोफ्यावर ऐसपैस बसायची आणि बाई समोर खुर्चीच्या टोकावर. अंडी खाता का? पाहुणे फार येतात का? रात्री किती वाजता परतणार? बाई फटाफट उत्तरं देत. एकदा बायको भूमिकेत जरा जास्तच शिरली आणि म्हणाली, "लग्न का नाही केलंत?" बाई अगदी स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "योग आला नाही." त्या दिवशी पुढचे प्रश्न झाले नाहीत. बायको उठली आणि तिने चहा टाकला.

आमची लेक सई इथेच वाढलेली. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. तो मोडला या बाईंनी. सई इंग्रजीत काही बोलली की बाई चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणत, "मला इंग्रजी येत नाही." जन्माने अमेरिकन, आयुष्य इंग्रजी पुस्तकांत गेलेलं, आणि हे त्या इतक्या निर्विकारपणे सांगत की सईचा नाइलाज होई. आधी चिडून, मग हसत, मग बाईंच्या चुका सुधारण्याच्या गुर्मीत पोरगी मराठी बोलायला लागली. आम्ही जन्मदाते हात चोळत बसलो होतो, ते काम ओहायोच्या बाईंनी केलं.

पण बाईंची खरी शान म्हणजे वार्षिक रंगीत तालीम. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की एक दिवस त्या अगदी खऱ्यासारख्या पुण्याला निघत. बॅगा भरायच्या, वजन करायचं, गॅस बंद करायचा, हारिसचा, म्हणजे आमच्या इमारतीच्या इजिप्शियन राखणदाराचा, निरोप घ्यायचा. पहिल्या वर्षी त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. बाईंनी त्याला आपला पंखा भेट दिला, तो बिचारा ओक्साबोक्शी रडला, आणि संध्याकाळी बाई परत येऊन पंखा मागू लागल्या. तो पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हता. बायको बाईंच्या हातावर दही घालायची. मी विमानतळावर सोडायचो. ट्रॉली ढकलत बाई आत जात, आम्ही तिघं हात हलवत बाहेर उभे राहायचो, आणि थोड्या वेळाने त्या पलीकडच्या दारातून बाहेर येऊन आपलं मत देत. "छान झालं. फक्त दादा, तुम्ही हात फार लवकर खाली घेतलात." मग आम्ही सगळे फिंतासच्या समुद्रावर आइस्क्रीम खाऊन घरी यायचो. कराडला आम्हीही एक फ्लॅट घेऊन ठेवला आहे. परत कधी जायचं ते मात्र ठरत नाही. त्यामुळे खोटं का होईना, कुणीतरी आपल्याकडे निघालंय, याचं मला फार बरं वाटे.

यंदा बाई निवृत्त होणार होत्या. पुण्यातला प्रवेश पक्का झाला, खोली ठरली. आणि जानेवारीत ओहायोहून फोन आला. त्यांच्या बहिणीला अर्धांगाचा झटका आला होता. दोघीच बहिणी, तिसरं कुणी नाही. बाई खाली आमच्याकडे आल्या आणि उभ्या उभ्याच बायकोला म्हणाल्या, "ताई, माझी पुण्याची तयारी झाली होती हो. ओहायोची काहीच नाही." एवढ्या वर्षांत त्या तिकडे सुट्टीपुरत्याच गेल्या होत्या. तिथे घर कसं चालवतात, आजारी माणसाला कुठे दाखवतात, त्यांना काही माहीत नव्हतं. मग अमेरिका फक्त चित्रातच पाहिलेले आम्ही तिघं त्यांना अमेरिका समजावत बसलो. बायकोने आजारी बहिणीला कुशीवर कसं वळवायचं ते उशी घेऊन दाखवलं. सईने फोनवर तिकडची टॅक्सी कशी मागवायची ते शिकवलं. तालमीला दुसरा दिवसही मिळाला नाही.

आता बाई बहिणीजवळ असतात. दर शुक्रवारी फोन येतो आणि सई तो घेऊन आत जाते. बहीण आता हाताला धरून चार पावलं टाकते म्हणे. पुण्याचं नाव बाई काढत नाहीत, आम्हीही काढत नाही. मला त्यांची फार आठवण येते, आणि येते ती त्या खरोखर निघाल्या त्या दुपारची, विमानतळावरची. बॅगेचं वजन झालेलं नव्हतं. गडबडीत दही राहिलं, म्हणून बायको वाटेत दुकानातून दह्याचा डबा घेऊन आली आणि गाडीतच तिने बाईंच्या हातावर घातलं. अंगात तोच जुना लोकरी कोट होता. त्यांच्याजवळ तेवढी एकच गोष्ट ओहायोच्या थंडीला योग्य होती. ट्रॉली ढकलत त्या आत गेल्या. वळून पाहिलं नाही, कारण तालमीतही त्या कधी वळत नसत.

आम्ही घरी निघायला हवं होतं. पण तिघंही पलीकडच्या दाराकडे बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने सई म्हणाली, "बाबा, आज त्या नाही ना येणार तिकडून?" "नाही," मी म्हणालो. माझा हात अजून वरच होता.