मिस्त्रीमामांनी न तपासलेली गाडी

मिस्त्रीमामा गाडी बघायला गेले की आधी इंजिनाकडे ढुंकूनही बघत नसत. आत बसत, सगळ्या काचा वर करत, डोळे मिटत आणि वास घेत. शारजातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात, भर उन्हात, बंद गाडीत दोन-दोन मिनिटं! बाहेर विकणारा वैतागलेला, आम्ही घामाने निथळतोय. मग मामा सावकाश उतरणार आणि म्हणणार, "जिला अत्तर लय, तिच्या पोटात चिखल हाय." झालं! मग विकणाऱ्याने आईची शपथ घेतली तरी त्या गाडीचा विषय संपला.

अमेरिकेत ठोकलेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या जहाजांनी तिकडे येतात. ठोकाठोकी होते, रंग चढतो आणि आमच्यासारखे ड्रायव्हर, सुतार, फिटर त्या घेतात. नवी घ्यायची ऐपत कुणाच्या बापाची होती? मामा मूळ मानवतचे, जिनिंगची मशिनं दुरुस्त करता करता गाड्यांकडे वळलेले आणि पुढे शारजातल्या एका गॅरेजात चिकटलेले. परभणी जिल्ह्यातला कुणीही गाडी घ्यायला निघाला की मामांना सोबत नेल्याशिवाय जात नसे. ते सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून टोकाला माती आहे का बघत, डिकीतलं अंथरूण उचलून वेल्डिंगचे डाग शोधत. मोबदला म्हणाल तर एक चहा. त्यात साखर इतकी घालून घेत की मी त्यांना त्यावरून सतत छळायचो.

मला तर त्यांनी हाताला धरून शिकवलं. "चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पेटून विझला पाहिजे," ते सांगत. "पेटलाच न्हाई तर समज, फुगा गायब हाय आन् चोरानं बल्ब बी काढलाय." बाजारातल्या वीसेक गाड्यांमध्ये त्यांनी मला तो दिवा दाखवला असेल. लोक मला मिस्त्रीमामांचा चेला म्हणायला लागले आणि मीही ती पदवी मिरवत फिरायचो.

एक गोष्ट मात्र मामांच्या डोक्यात पक्की बसलेली होती. त्यांचे वडील मानवतच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलणारे हमाल होते, त्यांच्याकडून आलेली. ज्याच्या घरची भाकर खाल्ली, त्याच्या पोत्यात हात घालून माल बघायचा न्हाई. एकदा सुट्टीत ते मी पाठवलेली औषधं द्यायला वालूरला आमच्या घरी गेले. आईने भाकरी आणि चुक्याची भाजी करून वाढली. परत आले ते महिनाभर त्या चुक्याचंच कौतुक.

मामा त्या सुट्टीवर गावी असतानाच मी शारजात गाडी घेतली. थांबायचं ना चार आठवडे! पण मी चेला ना, मला सगळं कळत होतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की दिवा पेटतच नाही. स्टिअरिंगवरचं झाकण उचकटलं, तर आत चिंध्या कोंबलेल्या. शेजारच्या सीटपुढेही तेच. मी झाकणं परत बसवली आणि दोन वर्षं ती गाडी चालवली. कुणाला बोललो नाही. मामांचा चेला फसला म्हटल्यावर लोक तोंडावर हसले असते.

पुढे माझी नोकरी सुटली, परतीचं तिकीट निघालं. त्याच सुमारास मामी पहिल्यांदा तिकडे येणार होत्या, वीस दिवसांसाठी. आयुष्यभर बसने फिरलेल्या मामांना बायकोला स्वतःच्या गाडीतून समुद्र दाखवायचा होता. गाडी घ्यायची नाही अशी मामींची ताकीद होती, म्हणून मामांनी फोनवर सांगून टाकलं की गॅरेजच्या मालकाची गाडी मागून आणतोय. आणि माझ्याकडे आले.

मला वाटलं, बरं झालं. हा माणूस बघताक्षणी पकडणार, मग मी खाली मान घालून शिव्या खाईन. मामा आत बसले. काचा वर केल्या नाहीत. मी म्हणालो, मामा, नीट बघून घ्या.

"तुझ्या आईच्या हातची भाकर खाल्लीय मी," ते म्हणाले. "तुझी गाडी तपासू व्हय?"

त्यांनी चावी फिरवली. दिवा पेटला नाही. ते आरसा नीट करत होते. मी शेजारी उभा राहून सगळं बघत होतो आणि बोललो नाही. विमान दोन दिवसांवर आलेलं, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक कुठून आणणार होतो? याला हरामखोरी म्हणतात, दुसरा शब्द नाही.

मी गावी पोचलो आणि पंधरा दिवसांत कळलं. एका चौकात टँकरने समोरून ठोकलं. मामांच्या बरगड्या मोडल्या. मामींचं तोंड डॅशबोर्डवर आदळलं आणि डावा डोळा गेला.

मामा नोकरी सोडून मानवतला आले. त्यांच्या दारात जायला मला आठ महिने लागले. मामींनी चहा केला, बशीत बिस्किटं ठेवली आणि समोर बसल्या. त्या मेल्या मालकानं आमचं वाटोळं केलं, म्हणाल्या. मग मला विचारलं, "तुमी बी तिथंच होता की. त्यानं जाणूनबुजून दिली असंल का ओ ती गाडी?"

मामा जमिनीकडे बघत होते. मी म्हणालो, नसेल हो मामी, त्यालाही माहीत नसेल. त्या म्हणाल्या, तुमी म्हणता म्हंजे तसंच असंल.

मामा मला स्टँडवर सोडायला आले. सेलूची गाडी लागली तेव्हा म्हणाले, "तुला ठावं नसंल, असं मी मनाला लय समजावलं. पर तो दिवा तर मीच तुला दाखवला व्हता."

मी त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी तो धरू दिला नाही.

"ती मालकाला रोज शिव्या देती, त्या मी ऐकून घेतो. पर आज तिनं तुझ्यापुढं चहा ठेवला, ते मला बगवलं न्हाई. आता येत नको जाऊस."

एवढं बोलून ते वळले आणि घराकडे चालायला लागले. मी त्यांची माफी मागायला गेलो होतो. ती राहूनच गेली.